जुन्या कूपेच्या पितळी चासीसाठी के अँड एसच्या नळ्या आणि पट्ट्या

१९६१ साली आलेल्या जॅग्वार ई-टाइप कूपेची १/३२ प्रमाणातील स्लॉट कार (ट्रॅकवरच्या खाचेतून विजेवर धावणारी छोटी गाडी) घडवताना मी तयार चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, न घेता के अँड एस कंपनीच्या पितळी नळ्या आणि पट्ट्या निवडल्या, आणि ही निवड मला सर्वार्थाने योग्य वाटते. मूळ गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांमधील अंतर ९६ इंच, म्हणजे या प्रमाणात नेमके ३ इंच असल्याने आखणी सोपी होते.

नळ्यांचा बाहेरचा व्यास १/३२ इंचाच्या टप्प्यांनी वाढतो आणि भिंतीची जाडी सुमारे ०.०१४ इंच असल्यामुळे एक नळी दुसरीत अलगद सरकते. म्हणूनच १/८ इंची नळीचा तुकडा ३/३२ इंची अ‍ॅक्सलला थेट आधार देतो. या अचूकपणासाठीच मी हे साहित्य पुन्हा घेईन. पितळ डाख उत्तम धरते, मात्र उष्णता झपाट्याने पसरत असल्याने शेजारचा सांधा ओल्या कापसाने झाकावा. ट्रॅकला धरून ठेवणाऱ्या चुंबकाविना धावणाऱ्या गाडीला हे वजन तळाशी मिळते, त्यामुळे वळणावर तिचा मागचा भाग फार सुरेख सरकतो. गाइडकडे (ट्रॅकच्या खाचेत बसणाऱ्या पुढच्या भागाकडे) जाणारी पातळ पट्टी मात्र धडकेत वाकते. तेथे पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार, जोडावी.