गावात नवीन कायरोप्रॅक्टर आलीये: कंबरेसाठी बिनधास्त जा, मानेचं जरा बघून

कायरोप्रॅक्टर म्हणजे पाठीच्या-मानेच्या मणक्यांना हाताने झटका देऊन दुखण्यावर उपचार करणारी. ज्यांना घाईये त्यांच्यासाठी आधीच सांगते, पाचपैकी चार स्टार. कंबर धरली असेल, उसण भरली असेल तर डोळे झाकून जा. मान कडाकडा मोडून घ्यायची हौस असेल तर खालचं सगळं वाचा आणि मग ठरवा. आणि तान्ह्या बाळाला घेऊन अजिबात जाऊ नका, एक स्टार त्याच्यासाठीच कापलाय.

आता सविस्तर. आम्ही अमेरिकेत आयोवा राज्यात राहतो, नवरा वॉटर्लूच्या ट्रॅक्टर प्लांटला जातो (हो, पुण्यात मगरपट्ट्याला त्यांचंच ऑफिस आहे, तिथून इकडे आलेली जी पलटण आहे त्यातलेच आम्ही) पण घरं स्वस्त म्हणून राहायला लांब एका छोट्या गावात. गाव म्हणजे काय, एक मेन स्ट्रीट, को-ऑपचे (शेतकऱ्यांची सहकारी सोसायटी) धान्याचे उंच टॉवर, एक बँक, एक केसीज जिथे पेट्रोल पण मिळतं आणि पिझ्झा पण मिळतो, आणि चारी बाजूंनी मका नाहीतर सोयाबीन. फॅमिली डॉक्टर एकच. फिजिओथेरपी हवी तर पाऊण तास गाडी हाका, आणि जानेवारीत बर्फात कंबर धरलेली असताना पाऊण तास गाडीत बसणं काय असतं ते ज्याचं त्यालाच माहीत. त्यामुळे मेन स्ट्रीटवर बंद पडलेल्या फुलांच्या दुकानात कायरोप्रॅक्टर येणार असा बोर्ड लागला तेव्हा अख्ख्या गावात तोच विषय, रिबन कापायला चेंबर ऑफ कॉमर्सची माणसं, शाळेचा फुटबॉल कोच, झाडून सगळे हजर.

डॉक्टर वयाने माझ्यापेक्षा बरीच लहान म्हणून 'ती' म्हणते, राग मानू नका. शेजारच्याच गावातल्या शेतकऱ्याची पोर, डेव्हनपोर्टच्या पामर कॉलेजातून शिकून परत आली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, हे कायरोप्रॅक्टिक प्रकरण जन्मालाच आलं आयोवात, डेव्हनपोर्टला, १८९५ मध्ये. डी. डी. पामर नावाचा माणूस तिथे चुंबकीय उपचार करायचा, त्याने हार्वी लिलार्ड नावाच्या बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि म्हणे त्याला ऐकू यायला लागलं. त्यावरून पामरसाहेबांनी सिद्धांत काढला की शंभरातले ९५ रोग मणके सरकल्यामुळे होतात. आता हे काही खरं नाही, कानाची नस पाठीतून जात नाही हे शाळेतलं पोर पण सांगेल, पण दोन वर्षांत कॉलेज निघालं आणि ते अजून चालू आहे. आज मात्र तिथे पोरं बारावीनंतर तीनचार वर्षं कॉलेज करून मग वर आणखी चारएक वर्षं शिकतात, नॅशनल बोर्डाच्या परीक्षा देतात, राज्याचं लायसन्स घेतात. नावापुढे 'डीसी' (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक) लागतं, 'एमडी' नाही. म्हणजे ही औषध लिहून देत नाही, ऑपरेशन करत नाही. ती हे स्वतःहून पहिल्या भेटीत सांगते, मला आवडलं.

माझं दुखणं नेहमीचंच. ड्राइव्हवेवरचा ओला बर्फ फावड्याने ढकलला, वळले, आणि कंबरेत अशी कळ आली की वाकलेली ती वाकलेलीच. दुसऱ्या दिवशी मोजे नवऱ्याने घालून दिले. फोन केला तर त्याच दुपारी बोलावलं.

आत गेल्यावर वाटलं आता लगेच पालथं पाडणार. तसं काही नाही. अर्धा तास नुसते प्रश्न आणि तपासणी. पाय सरळ वर उचलून बघितला, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, पायाच्या अंगठ्यात जोर किती आहे ते बघितलं. लघवीवर कंट्रोल आहे ना, मांड्यांच्या मधे बधीर वाटतंय का, ताप, वजन कमी झालंय का, कधी कॅन्सर झालेला का, सगळं. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली यातलं एक जरी खटकलं असतं तर मी हात न लावता तुला डॉक्टरकडे नाहीतर थेट इमर्जन्सीला पाठवलं असतं. एक्स-रे काढला नाही. नुकतंच कंबर धरण्याचं दुखणं असेल आणि बाकी धोक्याची काही खूण नसेल तर पहिले सहा आठवडे फोटो काढू नका असं कायरोप्रॅक्टर लोकांच्याच अमेरिकन असोसिएशनने सांगितलेलं आहे, पण सगळे कुठे पाळतात. माझ्या एका मैत्रिणीला एका मोठ्या शहरातल्या कायरोने (नाव घेत नाही) पहिल्याच दिवशी अख्ख्या पाठीचे एक्स-रे काढून, लाल पेनाने रेघा मारून, 'तुझा मणका दहा वर्षांनी म्हातारा झालाय' म्हणून घाबरवून वर्षभराचं पॅकेज गळ्यात मारायचा प्रयत्न केलेला. इथे पॅकेजच नाही. दारावर रेटकार्ड लावलंय, पहिली भेट ९० डॉलर, नंतर प्रत्येक वेळी ४५, बस.

मग टेबल. टेबलावर तोंड घालायला भोक असतं, त्यावर कागद अंथरतात, आणि मधला भाग जरा वर उचललेला असतो, ती कंबरेवर हाताने झटका देते आणि त्याच क्षणी तो भाग धाडकन इंचभर खाली पडतो. आवाज टेबलाचा, आपण उगाच दचकतो. नंतर कुशीवर झोपवून, वरचा गुडघा पोटाशी घेऊन, एक हात खांद्यावर आणि एक कमरेखाली ठेवून पिळा दिला, तिथे खरा कडाक झाला. हा आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो हां. सांध्यातल्या पातळ द्रवात वायूची पोकळी तयार होते त्याचा तो आवाज, बोटं मोडताना येतो तोच. ती म्हणाली आवाज आला नाही तरी काही बिघडत नाही, लोकांना मात्र आवाजाचेच पैसे द्यायचे असतात!

फरक पडला का? पडला. उतरताना सरळ उभी राहिले, आणि आठवड्याभरात मोजे माझे मी घालायला लागले. पण प्रामाणिक सांगायचं तर साधी उसण बऱ्याच वेळा आपली आपणच जाते, त्यामुळे सगळं क्रेडिट टेबलाला द्यायचं कारण नाही. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स) २०१७ च्या गाइडलाइनमध्ये नवीन कंबरदुखीला गोळ्यांच्या आधी शेक, मसाज, अ‍ॅक्युपंक्चर किंवा हे मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे हाताने झटका देणं, करून बघा असं लिहिलंय, म्हणजे चारातला हा एक पर्याय, जादू नाही. शिवाय तिने तीन व्यायाम लिहून दिले आणि झोपून राहू नकोस, चालत राहा म्हणून दम दिला. मला वाटतं निम्मं काम त्या चालण्याने केलं.

आता सासूबाईंचा किस्सा, कारण तिला चार स्टार मिळाले ते खरं त्याच्यामुळेच. आई आल्या होत्या सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून. यूट्यूबवर मान कडाकडा मोडायचे व्हिडिओ बघून बघून त्यांना वाटलं आपली मान पण एकदा मोकळी करून घ्यावी. त्यात त्यांचा या असल्या गोष्टींवर आधीपासून विश्वास, कारण त्यांच्या माहेरी कुणाची कंबर धरली की गल्लीतल्या पायाळू बाईला बोलावून पाठीत लाथ मारून घ्यायचे. मी डॉक्टरला हे समजावून सांगितलं, की आमच्याकडे जो पायाकडून जन्मतो त्याची लाथ बसली की उसण जाते असं मानतात. ती पोट धरून हसली आणि मग म्हणाली, जोर कुठल्या दिशेने द्यायचे ते विचार तुझ्या सासूबाईंना. आईंनी तिला हवेत पाय मारून दाखवला, साडी सावरत. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, काही अडलं नाही.

पण तपासल्यावर तिने मान मोडायला साफ नकार दिला. आईंची हाडं ठिसूळ झालीयेत, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, आणि मान वळवली की मधून मधून चक्कर येते म्हणाल्या. एवढं ऐकल्यावर ती म्हणाली मी या मानेला झटका देणार नाही, आणि दुसरा कुणी देतो म्हणाला तरी देऊ देऊ नका. मानेतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या नळ्यांपैकी दोन मणक्यांच्या भोकांतून जातात, क्वचित त्यांना आतून चीर पडते आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. असं फार कमी वेळा होतं, आणि झालं तरी झटक्यामुळे झालं की नळी आधीच फाटत होती आणि मान दुखते म्हणून माणूस आला यावर अजून वाद आहे, पण चक्कर येणाऱ्या म्हातारीवर कोण प्रयोग करणार. खांद्याचे स्नायू हलक्या हाताने चोळून दिले, चक्करेसाठी फॅमिली डॉक्टरला स्वतः फोन लावला, आणि पैसे निम्मेच घेतले. आई गाडीत बसल्यावर फुगून म्हणाल्या, "एवढं नटून आले आणि वाजवलंच नाही की गं!"

जो नाही म्हणतो त्याच्याकडे मी परत जाते.

छोट्या गावात हा धंदा कसा चालतो हे मला कुतूहल होतं, आणि ती काम करता करता बोलत असते, तर थोडं ते पण. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर, टेबल एका रिटायर झालेल्या कायरोकडून सेकंडहँड घेतलं. इन्शुरन्स कंपन्यांच्या यादीत नाव लागायला काही महिने जातात, तोवर रोख पैशावरच चालवलं, म्हणून रेट कमी ठेवला. गावात म्हातारी माणसं जास्त म्हणजे मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा) जास्त, आणि मेडिकेअरचं गणित विचित्र: १९७२ च्या कायद्याने कायरो त्यात आले खरे, पण पैसे मिळतात फक्त मणक्याला हाताने दिलेल्या झटक्याचे. तपासणी, मसाज, व्यायाम, तिने काढायला लावलेला एक्स-रे, यातलं काही धरत नाहीत. दुखणं सुधारत असेल तोवरच देतात, नुसतं दर महिन्याला बरं वाटतं म्हणून आलात तर खिशातून. बाकीचे डॉक्टर मेडिकेअरमधून बाहेर पडू शकतात, कायरोला ती पण मुभा नाही. त्यामुळे अर्धा दिवस कागद.

तरी तिने डोकं लावलंय. उघडायच्या आधीच फॅमिली डॉक्टरला जाऊन भेटली, माझ्याकडे काय पाठवा आणि मी तुमच्याकडे काय पाठवीन ते ठरवलं. को-ऑपवर सकाळी डोनट घेऊन गेली. पेरणीला शेतकरी दिवसभर ट्रॅक्टरवर बसून मान मागे वळवून प्लँटर (पेरणीचं यंत्र) बघत असतो, त्याची मान आणि खांदा कसा आखडतो हे तिला कुणी शिकवावं लागत नाही, बापाचं बघितलंय. मुळात कंबर धरली म्हणून फवारणी थांबत नाही हे तिला कळतं, म्हणून 'दोन आठवडे आराम' असला सल्ला ती कुणाला देत नाही, सीटची उशी आणि चढायची-उतरायची पद्धत बदलायला लावते.

आता तक्रारी. वेटिंगच्या भिंतीवर एक जुना चार्ट आहे, कुठल्या मणक्याने कुठला रोग होतो त्याचा, दम्यापासून मूळव्याधीपर्यंत. मी विचारलं तू हे मानतेस का, तर म्हणाली टेबलाबरोबर आला होता, सवयीने लावला. काढून टाक बाई. काउंटरवर मॅग्नेशियम आणि फिश ऑइलच्या बाटल्या, तिथे कुणी आग्रह करत नाही पण ठेवल्या आहेत म्हणजे कुणीतरी घेणारच. आणि ते पत्रक, रडणाऱ्या तान्ह्या बाळांसाठी अ‍ॅडजस्टमेंट. बोटाच्या टोकाने हलकं दाबतात म्हणे, असेल, पण पोटात गुबारा धरलेल्या पोराच्या मणक्याला हात लावायचं काय कारण ते मला पटत नाही, त्याने खरंच फायदा होतो याला भक्कम पुरावा पण नाही. हे मी तिला तोंडावर सांगितलंय. भिंती पातळ आहेत ती वेगळी तक्रार, आतल्या माणसाची सायटिका बाहेर बसलेल्या पाच जणांना पाठ होते.

जाणार असाल तर सैल पँट घाला, बेल्ट आणि मोबाइल काढून ठेवा, चालू असलेल्या गोळ्यांची यादी न्या. एचएसएचं (औषधपाण्यासाठीच्या बचत खात्याचं) कार्ड चालतं. आईवडिलांना नेणार असाल तर व्हिजिटर इन्शुरन्सच्या भरवशावर राहू नका, रोख धरून चाला. आणि ऑक्टोबरात मका कापणी चालू झाली की ती संध्याकाळी उशिरापर्यंत उघडं ठेवते पण ती वेळ कंबाइनवाल्यांची, तुम्ही सकाळचा नंबर घ्या.