टाचदुखीसाठी फिजिओ: मशीनची सिटिंग्ज की घरचे व्यायाम?

टाचेसाठी फिजिओथेरपी करा असं डॉक्टरांनी सांगितलं की पुढे दोन रस्ते दिसतात, एक तर क्लिनिकमध्ये जाऊन मशीनची सिटिंग्ज घ्यायची, नाहीतर फिजिओकडून व्यायाम नीट शिकून घरी करायचे. मी दोन्ही केलंय. बोलतोय ते सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ येते त्या टाचदुखीबद्दल, प्लांटर फॅसायटिस म्हणतात ते. शुगर असेल, पाय बधिर पडत असेल, सूज असेल किंवा झोपेतही ठणकत असेल तर आधी ऑर्थोपेडिकला दाखवा.

मशीनला मी नावं ठेवत नाही. अल्ट्रासाऊंड, म्हणजे ध्वनिलहरींनी उपचार करणारं मशीन, लावल्यावर पायाला बरं वाटतं, पण ते माझ्या बाबतीत तेवढ्यापुरतंच राहिलं, आणि या दुखण्यात त्याचा फारसा फायदा अभ्यासांतही दिसलेला नाही. शॉकवेव्हची, म्हणजे दुखऱ्या जागी लहरींचे जोरदार ठोके देणाऱ्या मशीनची, गोष्ट वेगळी. ते करताना चांगलंच दुखतं, पण महिनोन्महिने न हटणाऱ्या टाचेला त्याने आराम पडू शकतो, तेव्हा तो पर्याय हातचा राखून ठेवायला हरकत नाही.

मला खरा वैताग आला तो येण्याजाण्याचा. ही टाच बसून उठलं की दुखते ना, मग क्लिनिकच्या बाकावर नंबरची वाट बघत बसा, नंबर लागला की लंगडत आत जा, मशीन झालं की रिक्षात बसा आणि घरी उतरलात की परत लंगडा. उपचाराला म्हणून जायचं आणि त्यातच दुखणं पुन्हा पुन्हा जागं करायचं! शिवाय सगळ्यात वाईट कळ पहाटे पलंगावरून उतरताना, आणि तेव्हा क्लिनिक बंद.

व्यायाम तिथेच पलंगावर होतो. पाय जमिनीला लावायच्या आधी दुखरं पाऊल दुसऱ्या गुडघ्यावर घ्यायचं, बोटं हाताने नडगीकडे ओढायची, 10 सेकंद धरायची, असं 10 वेळा, आणि दिवसातून 3 वेळा. रात्रभर पाऊल खाली झुकलेलं राहून तळव्याचा पट्टा आखडलेला असतो, तो वजन पडायच्या आधी थोडा सैल होतो. मला तरी पहिल्या पावलाचा फरक इथेच जाणवला.

दुसरा व्यायाम पायरीवरचा. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी, एका पायावर 3 सेकंदात टाच वर, 2 सेकंद थांबायचं, 3 सेकंदात खाली, एक दिवसाआड. डेन्मार्कमधल्या एका अभ्यासात हे करणारे 3 महिन्यांनी नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा बरे होते, पण वर्षभराने दोघं जवळपास सारखेच, त्यामुळे ज्यांना पायरीचं झेपत नाही त्यांनी स्ट्रेचिंग धरून ठेवलं तरी चालेल.

व्यायामाला वेळ लागतो हे मात्र खरं, आठवड्यात चमत्कार होत नाही, आणि रोज करायचा कंटाळा ज्यांना फार येतो त्यांना सिटिंगची शिस्तच बरी पडेल कदाचित. घरात फरशीवर अनवाणी फिरणं दोन्हीकडे बंदच, मऊ चप्पल घाला.

तुमचं वेगळं असू शकतं, पण पैसे आणि वेळ एकाच ठिकाणी घालायचे असतील तर मी व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओकडे जाईन. पहिल्या भेटीत तो पोटरी दाबून बघतो का, तुम्हाला चालायला लावतो का हे बघा, आणि थेट मशीन लावायला घेतलं तर घरी काय करू ते तिथेच विचारून घ्या.