वाडीची शाळा की समूह शाळा: सही करण्याआधी

शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत एक दिवस हा विषय येतो. आपला पट वीसच्या आत आहे, मुलं समूह शाळेत, म्हणजे आसपासच्या छोट्या शाळा मिसळून केलेल्या एका मोठ्या शाळेत, पाठवायला समितीची संमती आहे का? ठराव बहुतेक वेळा लिहूनच आणलेला असतो, फक्त सह्या उरलेल्या असतात. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण आयुक्तालयाने जिल्ह्यांकडून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले, तेव्हा राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा मोजल्या गेल्या होत्या आणि त्यांत १ लाख ८५ हजारांवर मुलं होती. त्याआधी २०१७ मध्ये १,३१४ छोट्या शाळा जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय झाला होता. तेव्हा तुमच्या वाडीवर हा कागद आज आला नसेल तर उद्या येईल असं धरून चाला. आमच्या समितीने दोन्ही बाजू पाहून निर्णय घेतला आहे. तो सगळीकडे लागू पडेल असा माझा आग्रह नाही, पण कोणत्या गोष्टी तपासाव्यात ते खात्रीने सांगता येईल.

समूह शाळेचं उदाहरण म्हणून पुणे जिल्ह्यातल्या पानशेतचं नाव घेतात. धरणाच्या आसपास विखुरलेल्या छोट्या वस्त्यांतली मुलं तिथे गाडीने एका शाळेत आणली गेली. कल्पनेत तथ्य आहे. बारा मुलांच्या शाळेत कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, त्याला चौदा लागतात. चौथीत दोनच मुलं असली की एकाला उत्तर आलं नाही तर दुसऱ्याचंच ऐकायचं, तिसरं मत नाहीच. स्नेहसंमेलन, प्रयोगाचं साहित्य, वाचनालय, चालू स्थितीतलं शौचालय या गोष्टी ऐंशी मुलांच्या शाळेत टिकतात. पाच शिक्षक एकत्र असले की एखाद्याला गणितातली अडचण दुसऱ्याला विचारता येते. वाडीवरच्या शिक्षकाला त्यासाठी शिक्षण परिषदेची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीची, वाट पाहावी लागते.

पण ‘प्रत्येक वर्गाला शिक्षक’ हे वाक्य बैठकीत ऐकलंत तर तिथेच थांबा आणि हिशोब मांडा. सोळा-सोळा पटाच्या पहिली ते पाचवीच्या पाच शाळा समजा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, म्हणजे पाच शाळांचे मिळून दहा. त्याच शाळा एकत्र केल्या की पट ऐंशी. ६१ ते ९० साठी तीन शिक्षक, ९१ ते १२० साठी चार, आणि पाच शिक्षकांसाठी पट १२१ वर जावा लागतो. म्हणजे ऐंशीच्या समूह शाळेतही पाच वर्गांना तीनच शिक्षक. बहुवर्ग अध्यापन तिथेही आहेच, फक्त एका शिक्षकासमोर आठ मुलांऐवजी सव्वीस-सत्तावीस मुलं बसतात. १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवण्याचे, निकष बदलले आहेत, तेव्हा तुमच्या पटावर नेमकी किती पदं मंजूर होतात ते केंद्रप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी आकडा धरू नका.

अनुदानाचंही तसंच. समग्र शिक्षा या केंद्र सरकारच्या शालेय योजनेच्या निकषात तीसपर्यंत पटाच्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये संयुक्त शाळा अनुदान आहे, ३१ ते १०० पटाला २५,०००. पाच शाळांचे पन्नास हजार एकत्र आल्यावर पंचवीस होतात. एक वीजबिल, एकच रंगकाम, हे खरं. तरी बेरीज निम्म्यावर येते हे समितीला माहीत असावं. पोषण आहारात पंचवीस मुलांपर्यंत एक मदतनीस आणि शंभरपर्यंत दोन, म्हणून पाच वाड्यांतल्या पाच बायांपैकी तिघींचं काम जातं. महिन्याचं मानधन थोडंच असतं, पण वाडीत रोख येणाऱ्या पैशांपैकी ते एक असतं.

वाडीच्या शाळेचा खरा दोषही लपवून चालणार नाही. दोन शिक्षकांपैकी एक पद रिकामं राहिलं की उरलेला एकजण मुख्याध्यापक, लिपिक, मतदार यादीचं काम पाहणारा बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) आणि चार वर्गांचा गुरुजी होतो. यू-डायसची, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदणीची, माहिती भरायची, पोषण आहाराची रोजची नोंद करायची, प्रशिक्षणाला जायचं, तालुक्याच्या बैठकीला जायचं. त्या दिवशी शाळा उघडी असते, पण शिकवणं होत नाही. रजा पडली तर कुलूपच. तुमच्याकडे दोन वर्षांपासून एकच शिक्षक असेल आणि कामगिरीवर, म्हणजे दुसऱ्या शाळेतून तात्पुरता, दुसरा मिळत नसेल, तर समूह शाळेकडे गंभीरपणे पाहायला हवं. तिथे माझा पुढचा युक्तिवाद लंगडा पडतो.

दोन शिक्षक असतील तर मात्र छोट्या पटाचा फायदा मोठा आहे, एवढंच की वेळापत्रक त्या पद्धतीने लावलेलं असावं. एकाकडे पहिली-दुसरी, दुसऱ्याकडे तिसरी-चौथी. चाळीस मिनिटांच्या तासिकेत वीस मिनिटं पहिलीला अक्षरं, तेवढ्या वेळात दुसरी वाचनपाठ जोडीने वाचते, मग अदलाबदल. परिसर अभ्यासाचा पाणी, अन्न, नकाशा असा विषय तिसरी-चौथीला एकत्र शिकवता येतो, फक्त लेखी काम वेगळं द्यायचं. गणित मात्र एकत्र चालत नाही. तिथे इयत्तेऐवजी मूल कुठल्या टप्प्यावर आहे ते पाहून गट करावे लागतात: संख्याज्ञान कच्चं असलेले एका बाजूला, हातच्याची वजाबाकी जमणारे दुसऱ्या बाजूला. जिथे हे बिघडतं तिथे कारण बहुतेक एकच असतं. शिक्षक चारही इयत्तांचा एकच धडा फळ्यावर लिहून उतरवायला लावतो. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेत मुलंच एकमेकांना विषय शिकवतात, विषयमित्र होतात. त्या शाळेला २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या पुरस्कारांत लोकमताचा पुरस्कार मिळाला. वेगवेगळ्या इयत्तांची मुलं एकत्र म्हणजे कच्चं शिक्षण हे समीकरण तिथे तरी टिकत नाही.

आता गाडीबद्दल. माझा निर्णय याच एका गोष्टीवर झाला, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

समूह शाळेच्या कागदावर ‘वाहतूक सुविधा पुरवण्यात येईल’ अशी एक ओळ असते. त्या ओळीमागचे पैसे पाहा. समग्र शिक्षेत वाहतूक भत्त्याची मर्यादा मुलामागे वर्षाला ६,००० रुपये आहे, दहा महिन्यांवर पसरली तर महिन्याला सहाशे. वाडीतली बारा मुलं जाणार असतील तर महिन्याला ७,२०० रुपये, शाळेच्या बावीस दिवसांवर भागले तर दिवसाला सव्वातीनशेच्या आसपास. सात किलोमीटरवर शाळा असेल आणि जीपवाला वाडीतलाच असेल, तर सकाळी जाऊन-येऊन चौदा आणि संध्याकाळी चौदा, असा अठ्ठावीस किलोमीटरचा फेरा. लिटरला दहा-बारा किलोमीटर देणाऱ्या जुन्या जीपला अडीच लिटर डिझेल लागतं. चालकाच्या हातात जेमतेम शंभर रुपये उरतात, आणि टायर, विमा, फिटनेस यांचे पैसे त्यातच. मग तो काय करतो? मुलांबरोबर बाजारची माणसं भरतो. लग्नसराईत चांगलं भाडं आलं की शाळेचा फेरा चुकवतो. भत्ता पालकाच्या खात्यात उशिरा आला की ‘पुढच्या महिन्यापासून पाहू’ म्हणतो. यात त्याची वृत्ती वाईट आहे असं नाही, त्याचा हिशोबच बसत नाही.

मुलं सहा असतील तर हा आकडा निम्मा होतो, पण डिझेल तेवढंच लागतं. छोट्या वाड्यांवर गाडी आधी बंद पडते ती यामुळे.

पावसाळा वेगळाच. ओढ्यावर फरशी असेल आणि पूल नसेल, तर जुलै-ऑगस्टमध्ये किती दिवस गाडी जाणार नाही ते वाडीतल्या कोणालाही सांगता येतं. वाडीच्या शाळेत शिक्षक पोचला नाही तर शाळा बंद राहते, पण दुसऱ्या दिवशी सगळी मुलं पुन्हा बरोबरीने सुरू होतात. समूह शाळेत गाडी आली नाही तर शाळा चालूच असते आणि आपल्या वाडीची मुलं तेवढी मागे पडतात. हा फरक वार्षिक उपस्थितीच्या टक्केवारीत दिसत नाही, पहिलीतल्या वाचनात दिसतो. अक्षरओळखीच्या महिन्यांत सलग आठवडा चुकलेलं मूल पुढे बराच काळ धडपडतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. माझ्याकडे याची आकडेवारी नाही.

एसटीचा आधार गृहीत धरू नका. मुलींचा अहिल्याबाई होळकर मोफत पास पाचवी ते बारावीसाठी आहे. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस १२५ तालुक्यांत आहेत, पण त्या हायस्कूलच्या मुलींसाठी. पहिली ते चौथीच्या मुलासाठी या दोन्हींत काही नाही. म्हणजे सगळ्यात लहान मुलाचा भार सगळ्यात कच्च्या व्यवस्थेवर पडतो. शिवाय वाडीतली अंगणवाडी बहुतेक शाळेच्या शेजारी असते. तिसरीतली बहीण धाकट्याला तिथे सोडून वर्गात जाते. शाळा सात किलोमीटरवर गेली आणि आई ऊसतोडीला किंवा रोजगार हमीवर असेल, तर घरी कोण राहणार हे वेगळं सांगायला नको.

म्हणून माझा कल असा: पहिली ते चौथी वाडीत, पाचवीपासून गाडीने. पाचवीनंतर विषय शिक्षक लागतो, प्रयोग लागतात, मैदान लागतं. मूल दहा वर्षांचं झालेलं असतं, मुलीला पास मिळतो. सहावी ते आठवीचा पट वीसच्या आत असेल तर नव्या निकषांत तिथे नियमित पद टिकणंही कठीण आहे, त्यामुळे त्या वर्गांसाठी वाडीने हट्ट धरण्यात अर्थ नाही असं मला वाटतं. रस्ता डांबरी असेल, अंतर तीन किलोमीटरच्या आत असेल आणि नियमित एसटी असेल, तर तुमचा कौल उलटा पडू शकतो, आणि तो चुकीचा ठरणार नाही.

सही करण्याआधी दोन्ही शाळांत एकेक सकाळ बसा. तिसरीतल्या मुलाला पुस्तकाबाहेरचा, दुसरीच्या पातळीचा परिच्छेद मोठ्याने वाचायला द्या आणि हातच्याची एक वजाबाकी करायला सांगा. समूह शाळेचं जुलै-ऑगस्टचं हजेरीपत्रक मागा आणि गाडीने येणाऱ्या मुलांच्या ओळी वेगळ्या पाहा. समितीतल्या तीन चतुर्थांश जागा पालकांच्या आणि निम्म्या महिलांच्या आहेत. बैठक बायकांना येता येईल अशा वेळी, म्हणजे शेतावरून परतल्यावर ठेवा, कारण सकाळी मुलाला गाडीत बसवणारी बहुतेक आईच असते. संमती द्यायचीच ठरली तर ठरावात हे शब्द घाला: गाडी कोणती, किती वाजता, बरोबर परिचर कोण, गाडी सलग तीन दिवस न आल्यास पर्याय काय, आणि पहिलं वर्ष संपेपर्यंत वाडीच्या शाळेचा यू-डायस क्रमांक बंद करायचा नाही. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी घ्या.