सिट-अप्स, प्लँक की उलटं झुरळ?

गेल्या आठवड्यात साडूंचा फोन आला. डॉक्टरांनी पोटाचे स्नायू बळकट करायला सांगितलंय, तर सिट-अप्स मारू की प्लँक धरू? मी सांगायला लागलो तर मध्येच म्हणाले, "म्हणजे उठाबशाच ना?" मग गाडी जी रुळावरून घसरली ती परत आलीच नाही. म्हणून हे लिहून काढतोय. उठाबशा म्हणजे शाळेत कान धरून काढायच्या त्या. त्यात घाम मांड्यांचा निघतो, पोटाचा नाही. सिट-अप्स म्हणजे उताणं झोपून, गुडघे वाकवून, धड उचलून बसायचं. आणि प्लँक म्हणजे पालथं होऊन, फक्त कोपरं आणि पायांची बोटं टेकवून, अंग फळीसारखं सरळ धरून ठेवायचं. इतकं एकदा स्पष्ट झालं की पुढचं सोपं आहे.

मी फिजिओ नाही. डोंबिवलीत राहतो, वय शेहेचाळीस, दिवसाचे नऊ तास खुर्चीत. चार वर्षांत हे दोन्ही व्यायाम करून झाले आणि आता तिसऱ्यावर स्थिरावलोय. त्याची आमच्या घरात 'उलटं झुरळ' म्हणून थट्टा होते. बाहेर त्याला डेड बग म्हणतात. माझा कल कुठे आहे ते लपवायचा फारसा प्रयत्न करत नाही, पण इतर दोघांवर अन्यायही करायचा नाही.

सिट-अप्सची मजा मोजण्यात आहे. दिवाणाखाली पावलं अडकवायची आणि सुरू. पहिल्या दिवशी बारा झाल्या, दोन महिन्यांत पन्नास. पोट दुखायचं, म्हणजे काम होतंय असं वाटायचं. सव्वासातची लोकल धरायची असल्यामुळे उठल्या उठल्या साडेपाचला हा कार्यक्रम उरकायचो. मग एका सकाळी दात घासून चूळ टाकायला बेसिनवर वाकलो आणि तिथेच अडकलो. उसण भरली. एक हात बेसिनच्या कडेवर, तोंडात पेस्टचा फेस, ना वाकता येतंय ना सरळ होता येतंय.

मागाहून फिजिओने दोन गोष्टी सांगितल्या. मणक्यांमधल्या चकत्या रात्रभरात पाणी शोषून टम्म होतात, त्यामुळे उठल्यावर पहिला तासभर कंबरेतून वाकणं त्यांना जास्त जड जातं. नेमक्या त्याच तासात मी पन्नास वेळा वाकत होतो. दुसरं, पावलं अडकवली की पोटाचं बरंचसं काम सोअस नावाचा स्नायू पळवतो. तो कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जाऊन मिळतो, म्हणजे पाय दाबून धरले की तो थेट मणक्यांनाच ओढणार. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी पाठीच्या कण्यावर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या हिशेबाने एका सिट-अपमध्ये कंबरेवर सुमारे ३३०० न्यूटन दाब येतो, म्हणजे सव्वातीनशे किलोंच्या वर. अमेरिकेत ओझं उचलणाऱ्या कामगारांच्या कंबरेसाठी ३४०० न्यूटन ही मर्यादा धरतात. मी ती रोज पन्नासदा शिवून येत होतो, तेही रिकाम्या पोटी.

आता, जन्मभर सिट-अप्स मारून ठणठणीत असलेली माणसं मी पाहिली आहेत. तालमीत वाढलेल्या पोराची पाठ आणि माझी पाठ एक नव्हे. तुमची पाठ तरुण असेल, कधी कुरकुरली नसेल आणि तुम्ही संध्याकाळी करणार असाल, तर कदाचित काहीच होणार नाही. मला मात्र बेसिन पुरलं.

मग प्लँक. प्लँकची बाजू भक्कम आहे. कणा वाकतच नाही, एका जागी रोखून धरायचा असतो, आणि पोटाच्या स्नायूंचं रोजचं खरं कामही तेच: आपण पिशवी उचलतो, लोकलमध्ये धक्का खातो, तेव्हा कंबर हलू न देणं. अमेरिकेच्या मरीन दलानेही २०२३ पासून सैनिकांच्या शारीरिक चाचणीतून क्रंचेस, म्हणजे सिट-अप्सचीच भावंडं, काढले आणि प्लँक ठेवला. टाइल्सवर कोपरं सोलवटतात, पण खाली सतरंजीची घडी घातली की ते भागतं.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून, आणि अजूनही प्लँकचं नाव काढलं की तीच आठवते. प्लँक चुकतोय हे करणाऱ्याला कळत नाही.

झालं असं की सोसायटीत आम्हा पाच-सहा जणांची चुरस लागली. कोण किती वेळ धरतो, रोज ग्रुपवर आकडा टाकायचा. मी दीड मिनिटावरून दोन मिनिटं दहा सेकंदांवर आलो. अंग थरथरायचं, कपाळावरून घाम मॅटवर टपकायचा, आणि मनात एकच चित्र: आपण फळीसारखे सरळ आहोत. एके दिवशी पुरावा म्हणून बायकोला व्हिडिओ काढायला सांगितला. बघितला आणि गप्प झालो. पहिली तीसेक सेकंद ठीक होतं. मग पोट हळूहळू खाली, कंबर त्याच्यामागे, आणि मिनिटभरानंतर फळी कसली, दोन खुंट्यांना बांधलेली झोळी! पोटाने केव्हाच हात टेकले होते. उरलेला वेळ मी कंबरेच्या सांध्यांवर लोंबकळत होतो आणि स्वतःची पाठ थोपटत होतो. दुपारी ऑफिसच्या खुर्चीतून उठताना कंबर का धरते, याचा उलगडा त्या व्हिडिओने केला.

यावर उपाय नाही असं नाही. आरसा ठेवा म्हणतात, पण आरशात बघायला मान वळवली की मान आखडते. रोज व्हिडिओ काढायला कोण मोकळं आहे? पार्श्वभाग आवळून धरा म्हणतात, ते खरंच उपयोगी पडतं, पण विसाव्या सेकंदाला लक्ष पुन्हा घड्याळाकडे जातं. खरी गोम घड्याळातच असावी. जितका जास्त वेळ तितका चांगला, असं प्लँक स्वतःच सुचवत राहतो. जॉर्ज हूड नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी २०२० मध्ये, बासष्टाव्या वर्षी, सव्वाआठ तास प्लँक धरला होता. त्यांना दंडवत. पण मॅकगिल दहा-दहा सेकंदांचे छोटे डाव लावायला सांगतात, आणि ग्रुपवर 'आज दहा सेकंद' असं कोण टाकणार?

उलट्या झुरळाकडे मी आलो तो फिजिओच्या सांगण्यावरून, आणि खरं सांगायचं तर नाइलाजाने. उताणं झोपायचं. दोन्ही हात छताकडे. पाय उचलून गुडघे नव्वद अंशांत, पोटऱ्या जमिनीला समांतर. कंबर हलकेच जमिनीला लावून ठेवायची. मग उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय पुढे, दोन्ही सावकाश जमिनीजवळ न्यायचे, तोंडाने श्वास सोडत. परत वर. मग दुसरी जोडी. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूला सहा, झालं.

पहिला आठवडा फजितीचा. उजव्या हाताबरोबर उजवाच पाय जायचा. शिवाय हे इतकं सोपं वाटतं की आपण व्यायाम करतोय की लोळतोय, असा संशय येतो. ग्रुपवर टाकण्यासारखं यात काहीही नाही.

पण यात फरशी चूक तिथल्या तिथे सांगते. पाय जास्त खाली गेला, पोट सुटलं, की कंबर जमिनीवरून उठते आणि त्या क्षणी पाठीला गार हवा लागते. मी एक पंचा चौघडी करून कंबरेखाली सरकवतो आणि त्याचं एक टोक बाहेर ठेवतो. आमची लेक सहावीत आहे, ती शेजारी बसून ते टोक ओढत असते. पोट आवळलेलं असलं की पंचा जागचा हलत नाही. सुटलं की सर्रकन तिच्या हातात. मग ती ओरडते, "बाबा, आऊट!" आऊट झालो की मी पाय तितका खाली नेत नाही, गुडघा जरा जास्त वाकवतो. चार वर्षांत कुठल्याही ॲपने इतक्या नेमकेपणाने मला पकडलं नव्हतं.

माझ्यापुरता झालेला फरक मोजून दाखवता येणार नाही. बेसिनवर वाकताना हात आता कडेवर जात नाही, एवढंच सांगू शकतो. यात संध्याकाळी व्यायाम करायला लागल्याचाही वाटा असणार, ते नाकारत नाही.

योगासनं करणाऱ्यांसाठी: उत्तानपादासनात दोन्ही पाय सरळ ठेवून एकदम उचलले की कंबर कमानीसारखी वर येते, म्हणजे पुन्हा तोच सोअस. एकेक पाय उचला, खाली पंचा ठेवून बघा, लगेच कळेल. नौकासन मला कधी पंधरा सेकंदांपलीकडे जमलं नाही, त्यामुळे मत देत नाही. चाकाचा रोलर, म्हणजे गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी पुढे ढकलायचं ते चाक, त्याच्या वाटेला नवख्याने जाऊ नये, असं वाटतं. आणि ढेरी उतरेल या आशेने यातलं काहीही करू नका. पोटाचा व्यायाम केला म्हणून पोटावरचीच चरबी जाते असं नाही, तो हिशेब ताटातला आहे.

हर्नियाचा त्रास असेल, स्लिप डिस्कचं निदान झालं असेल किंवा बाळंतपणाला फार दिवस झाले नसतील, तर यातलं काहीही सुरू करण्याआधी डॉक्टरांना दाखवाच. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधून फाकलेले असू शकतात, तिथे सिट-अप्सनी नुकसान व्हायचं. रक्तदाब असेल तर श्वास कोंडू नका. मी आकडे मोठ्याने मोजतो, म्हणजे कोंडताच येत नाही.

तर साडूंना माझं सांगणं असं: तुमच्याकडे चूक सांगणारं कोणी असेल, जिममधला बरा प्रशिक्षक किंवा स्पष्टवक्ती बायको, तर प्लँक छान आहे, वीस सेकंदांचे तीन-चार डाव धरा. एकट्याने, घरच्या हॉलमध्ये करणार असाल तर आधी महिनाभर झुरळ करून बघा. मॅट नसली तरी सतरंजी चालते. गादीवर तेवढं करू नका, तिथे पंचा अंगाच्या वजनानेच रुतून बसतो आणि ओढणाऱ्याला कधी जिंकताच येत नाही.