दिवाडीच्या जुन्या घरातला मुक्काम आणि गेलेले ४४,१६८ रुपये

मी एकतीस वर्षे लेखा विभागात नोकरी केली, दुसऱ्यांची व्हाउचरे तपासली, आणि डिसेंबर २०२४ मध्ये एका भामट्याला चार हप्त्यांत ४४,१६८ रुपये स्वतःच्या हाताने दिले. हे चारचौघांत कबूल करायला मला चार महिने लागले. घरात विषय निघाला की मी अजूनही उठून गॅलरीत जातो. पण ज्या नंबरावरून मला फसवले तो आजही चालू आहे, म्हणून लिहितो आहे.

गोव्यात नाताळच्या गर्दीत जायची मला हौस नव्हती. आईला सप्तकोटेश्वराचे दर्शन घ्यायचे होते. या देवाचे मूळ स्थान मांडवीतील दिवाडी बेटावर. तिथून तो नदीपलीकडे डिचोली तालुक्यातील नार्वे येथे गेला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्या देवळाचा जीर्णोद्धार केला, हे तिने लहानपणापासून ऐकलेले. तेव्हा मुक्कामच दिवाडीवर करावा असे मला वाटले, आणि ऑनलाइन नकाशावर पाहताना तिथले एक जुने पोर्तुगीजकालीन घर दिसले. जांभ्याचा उंच जोता, पुढे बसायला बाल्कांव, खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांची तावदाने. सगळे डागडुजी करून पाहुण्यांसाठी खुले केलेले, सकाळची न्याहारी भाड्यातच. घर खरे होते, छायाचित्रे खरी होती, अभिप्रायही बहुतेक खरेच होते. खोटा होता तो फक्त त्याखालचा फोन नंबर, जो कोणीतरी "दुरुस्ती सुचवा" म्हणून बदलून ठेवला होता. बनावट संकेतस्थळ ओळखता येते असा ज्यांना विश्वास आहे त्यांनी हे लक्षात घ्यावे, की येथे ओळखण्यासारखे संकेतस्थळच नव्हते.

फोनवरचा माणूस उत्तम मराठी बोलत होता. पहिल्या वाक्यापासून "दादा". दोन खोल्या, तीन रात्री, प्रत्येक खोलीला रात्रीचे ६,४०० रुपये, म्हणजे एकूण ३८,४००. त्याने पर्यटन खात्याच्या नोंदणी प्रमाणपत्राचे छायाचित्र पाठवले, आणि मी त्यावरचा शिक्का पाहून समाधान मानले. गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्या घराला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी करावी लागते. तो क्रमांक खात्याला फोन करून पडताळायला दहा मिनिटे लागली असती. प्रमाणपत्राचे छायाचित्र म्हणजे प्रमाणपत्र नव्हे.

३ डिसेंबरला निम्मे आगाऊ म्हणून १९,२०० रुपये दिले. ४ तारखेला बारा टक्के जीएसटीचे ४,६०८. ५ तारखेला जुन्या लाकडी सामानासाठी परत मिळणारी अनामत म्हणून ५,०००. ९ तारखेला फोन आला, की उरलेली रक्कम आजच भरल्यास एकूण भाड्यावर दहा टक्के सवलत, म्हणून १५,३६०. येथे माझ्यातला लेखापाल जागा झाला. सवलत दिल्यावर भाडे ३४,५६० होते, मग कर ४,१४७ रुपये २० पैसेच व्हायला हवा, म्हणजे माझे ४६० रुपये ८० पैसे जास्त गेले आहेत, असे मी त्याला बजावले. तो म्हणाला, "बरोबर आहे दादा, निघताना वळते करू." आणि मी खूश झालो. पंधरा हजार चोराच्या हाती देताना मी त्याच्याशी चारशे साठ रुपयांचा हिशेब करत होतो, आणि पक्के बिल मात्र एकाही रकमेचे मागितले नव्हते.

ज्या क्षणी मला कळायला हवे होते, तो क्षण मला रोज आठवतो. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तिला फेरीबोटीत चढता येईल का, असे मी ४ तारखेला विचारले होते. त्यावर तो हसून म्हणाला, "बोट कशाला दादा, पूल ओलांडला की पाच मिनिटांत गाडी थेट अंगणात." दिवाडीला जाणारा रस्त्याचा पूल नाही, हे मला माहीत होते. बेटावरून कोकण रेल्वे जाते पण तिथे तिचे स्थानक नाही, आणि जायचे तर फेरीबोटीनेच, हे मी आदल्याच आठवड्यात मुलांना मोठ्या ऐटीत सांगितले होते. जो माणूस त्या बेटावर राहतो म्हणतो, त्याला बेटाला पूल नाही हे ठाऊक नसावे? पण मी स्वतःचीच समजूत घातली, की मांडवीवर अटल सेतू २०१९ मध्ये झाला, तसा इकडेही एखादा झाला असेल, आपली माहिती जुनी असेल. त्यानंतर मिनिटभरातच जीएसटीचे पैसे पाठवताना यूपीआयच्या पडद्यावर एका मोबाइल दुरुस्ती दुकानाचे नाव आले. "ते आमच्या सीएंचे खाते," असे उत्तर मिळाले आणि मी पिन टाकला. पडद्यावर दिसणारे नाव ज्याला पैसे द्यायचे त्याचे नसेल, तर फोन खाली ठेवा. खुलासा मागूसुद्धा नका, कारण खुलासा नेहमी तयार असतो.

मला मूर्ख म्हणणाऱ्यांना एवढेच सांगतो, की मला कोणी लॉटरी दाखवली नव्हती, दर बाजारभावाचाच होता, आणि नाताळात आगाऊ रक्कम सगळेच मागतात.

२४ डिसेंबरला संध्याकाळी जुन्या गोव्यात व्हाइसरॉयच्या कमानीतून खाली धक्क्यावर उतरलो तेव्हा त्याचा फोन बंद होता. फेरीने पलीकडे गेलो, घर सापडले. बाल्कांवात बसलेल्या मालकीणबाईंनी माझ्या हातातला मोबाइल पाहिला आणि मी काही बोलण्याआधीच म्हणाल्या, "तुमी ह्या म्हयन्यांतलें चवथें कुटुंब, बाब." त्यांच्या खोल्या भरलेल्या होत्या. त्यांनी आईला आत नेऊन चहा दिला, आणि त्या चहाने मला सर्वांत जास्त लाजवले. त्या रात्री पणजीत दोन खोल्या मिळाल्या, तीन रात्रींचे २७,६०० रुपये. मी एकूण नुकसान ७१,७६८ धरतो. पत्नी म्हणते, पणजीचे भाडे नुकसानीत धरता येत नाही, राहायचे पैसे कुठेही लागलेच असते. तिचे बरोबर आहे, पण मी धरतो.

आता यंत्रणेविषयी. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी असलेल्या १९३० या क्रमांकावर मी धक्क्यावरूनच फोन केला, पण शेवटची रक्कम जाऊन पंधरा दिवस झाले होते. या क्रमांकाचा उपयोग पहिल्या काही तासांत, पैसे खात्यात असेपर्यंतच. लाज वाटली म्हणून एक रात्रही थांबू नका. तिथल्या पोलीस ठाण्यात सांगण्यात आले, की पैसे तुमच्या शहरातून गेले, तक्रार तिकडे द्या. आमच्या भागातील ठाण्यात सांगण्यात आले, की घर गोव्यात, खाते तिसऱ्याच राज्यात, आमच्या हद्दीत घडले काय? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे मी छापील कागद पुढे ठेवून दाखवले. "काका, कलमे आम्हालाही येतात," असे म्हणून त्यांनी माझा अर्ज घेतला, अर्जच, एफआयआर नव्हे. पाच खेपा घातल्या, प्रत्येक वेळी अधिकारी वेगळा, आणि प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच, "एवढे शिकलेले असून दिलेत कसे?" फसवणुकीसाठी कायद्यात भामट्याला शिक्षा सांगितली आहे, पण आतापर्यंत ती भोगतो आहे तक्रारदार.

बँकेने त्याहून सोपा मार्ग काढला. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक अनधिकृत व्यवहारांपुरते आहे, आणि तुम्ही पिन स्वतः टाकला असल्याने हा व्यवहार अधिकृत ठरतो, असे मला दोन ओळींत कळवले. नियम मला मान्य आहे. पण समोरचे खाते गोठवले का, तिथे काही शिल्लक होते का, एवढे तरी सांगा, या माझ्या तीन पत्रांना उत्तर आले ते असे, "आपल्या तक्रारीचे निराकरण झाले आहे, कृपया आमच्या सेवेला गुण द्या."

नकाशावरचा तो नंबर चुकीचा असल्याचे मी चार वेळा कळवले आहे, मालकीणबाईंनी त्याआधीपासून. घराचा खरा नंबर हवा असेल तर तो तिथे राहून आलेल्या माणसाकडून घ्या. गेल्या आठवड्यात पत्नीच्या फोनवरून मी तो खोटा नंबर पुन्हा लावून पाहिला. दुसऱ्या घंटीला उचलला. "नमस्कार ताई, किती खोल्या?" मी तारीख, वेळ आणि ध्वनिमुद्रण घेऊन ठाण्यात गेलो. तेथील अधिकाऱ्यांनी ते ऐकले नाही. हा नवीन मुद्दा असल्याने वेगळा अर्ज करावा आणि आधीच्या अर्जाची झेरॉक्स जोडावी, असे सांगितले.