नादामच्या घोड्यांसाठी टूर घ्याच

मंगोलियाची राजधानी उलानबातारमधून लोकल टूर घेतली होती, ११ ते १३ जुलैच्या नादामसाठी, म्हणजे कुस्ती आणि घोड्यांच्या शर्यतींच्या तिथल्या उत्सवासाठी. स्टेडियममधली कुस्ती छानच, पण खरी मजा खुई दोलून खुदागच्या माळावर. तिथं ट्रॅकबिक काही नाही, उघड्या गवतातून सरळ रेस, मोठ्या घोड्यांची तर २० किमीच्या वर, आणि जॉकी कोण तर लहान लहान पोरं! हेल्मेट असतं तरी जीव टांगणीला लागतो. कस लागतो तो घोड्याच्या दमाचा, म्हणून पहिल्या पाच घोड्यांचं कौतुक गाऊन करतात, आणि दोन वर्षांच्या शिंगरांत जे शेवटी येतं त्याच्यासाठीही गाणं, पुढच्या वर्षी पहिलं ये म्हणून. हे बघून मला अक्षरशः भरून आलं. जिंकलेल्या घोड्याचा घाम शुभ मानतात, लोक धावत जाऊन हाताला लावून घेतात, आमच्या गाईडनेही लावला आणि मग तो हात कपाळाला टेकवला. माणूस एकदम मनापासून सांगणारा.

तक्रार एकच, गाडी उशिरा काढली, ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि पहिली रेस हुकली, त्यामुळे पहाटेच निघायचं आधी ठरवून घ्या. व्हेजवाल्यांनी डबा न्या, तिथली खुशूर म्हणजे तळलेली मटणाची करंजीच. पाचपैकी चार स्टार.