बचत गट की लघुवित्त कंपनीचे कर्ज?

शिलाई मशीन घेऊन स्वतःच्या पायावर उभे राहू पाहणाऱ्या भगिनींना हा प्रश्न हमखास पडतो.

पैसे लवकर मिळण्यात लघुवित्त (मायक्रोफायनान्स) कंपनी, म्हणजे छोटी कर्जे देणारी कंपनी, सरस आहे. वार्षिक उत्पन्न ३ लाख रुपयांपर्यंत असलेल्या कुटुंबाला ती विनातारण कर्ज देते. बचत गटाला मात्र साधारण सहा महिने नियमित बचत, बैठका आणि चोख नोंदी दाखवल्यावरच बँक कर्ज देते.

व्याजाचा हिशेब याच्या उलट आहे. ‘उमेद’ या सरकारच्या ग्रामीण उपजीविका अभियानातील गटाला ३ लाखांपर्यंतचे बँक कर्ज वार्षिक ७ टक्क्यांनी मिळते, तर कंपनीचा दर बहुधा २० टक्क्यांच्या पुढे असतो. गटाने स्वतःच्या बचतीतून सदस्यांना दिलेल्या अंतर्गत कर्जावर दरमहा शेकडा २ रुपये आकारले, तरी ते व्याज गटाच्याच पेटीत राहते, हे माझ्या मते सर्वांत मोलाचे. आजारपणात हप्ता थकला, तर बैठकीत ठराव करून मुदत वाढवता येते. कंपनीचा वसुली अधिकारी मात्र ठरल्या दिवशी दारात येतो. गटाचे सारे दप्तर एकाच सचिवाच्या हाती राहणे ही त्याची खरी दुबळी बाजू असून, पासबुक प्रत्येकीने वाचायला शिकलेच पाहिजे.

धंदा चालू आहे आणि सणासाठी माल तातडीने भरायचा आहे, तिला कंपनी चालेल. मजुरीवर घर चालवत नव्याने सुरुवात करणारीने गटातच जावे.